सोनामुखीचा व्यापार : बंदराचे नाव आणि शेताचे नाव

औषधी मालाला व्यापारात पडणाऱ्या नावावरून त्याच्या व्यवहारावर कोणाची पकड होती, हे पुष्कळदा कळते. सोनामुखीचा पाला याचे बोलके उदाहरण होय. न्युबिया व सुदानमधील रानपाला युरोपात ‘अलेक्झांड्रियाचा’ ठरला. १९ व्या शतकात दक्षिण अरबस्तानातील पाला मोखा व एडनहून मुंबईस येई आणि पुढे युरोपात ‘मुंबईची सोनामुखी’ म्हणून खपे. दोन्हींकडे नाव बंदराचे झाले. पाला खुडणारा अज्ञातच राहिला. शिवाय अलेक्झांड्रियाच्या मालात अर्गेल नावाच्या झुडपाची पाने मिसळलेली आढळत.

तिरुनेलवेलीत मात्र त्याच अरबी जातीची शेतात लागवड झाली. हाताने खुडलेल्या स्वच्छ, एकसारख्या पानांमुळे हा माल जिल्ह्याच्या नावाने ओळखला जाऊ लागला. तुतिकोरीन हे केवळ निर्यातीचे बंदर राहिले. तथापि प्रतवारी पानांचा रंग, आकार व अखंडपणा पाहूनच होई. १९४१ साली स्टोल व त्यांच्या सहकाऱ्यांनी सेनोसाइड ही रेचक द्रव्ये वेगळी केली आणि पानाचा खरा गुण मोजण्याची वाट मोकळी झाली. परंतु त्या मोजणीस प्रयोगशाळा लागते. ती खरेदीदारापाशी असते, शेताच्या बांधावर नसते. सारांश, शेताला नाव मिळाले, तरी मोलाचे माप शेतकऱ्याच्या हाती आले नाही.