निर्वासित कोण आणि अतिक्रमणवाले कोण? पिंपरीत आलेल्या दोन समाजांचा हिशेब

"सिंधी लोक फाळणीत नेसत्या कपड्यांनिशी आले. ना जमीन, ना आरक्षण. आज पिंपरीचं अख्खं मार्केट त्यांचं आहे. आणि तुम्ही? पन्नास वर्षं झाली, अजून झोपडपट्टीतच!"

मित्रांनो, पिंपरी-चिंचवडमध्ये वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे वाक्य कधी ना कधी ऐकले आहे. कंपनीच्या कँटीनमध्ये, कॉलेजच्या कट्ट्यावर, आरक्षणाचा विषय निघाला की हमखास. मी ते पहिल्यांदा बारावीत ऐकले आणि खरे सांगायचे तर मला उत्तर देता आले नाही. कारण त्यात खोटे काय आहे तेच मला सांगता येईना. सिंधी समाज उद्ध्वस्त होऊन आला, हे खरे. त्याने कष्ट केले, हेही खरे. मग चूक कुठे आहे? चूक आहे ती न सांगितलेल्या गोष्टींत. आज त्या गोष्टींचा हिशेब मांडू.

आधी एक खुलासा. हा लेख सिंधी समाजाविरुद्ध नाही. घर, गाव, भाषा आणि सिंधू नदी कायमची सोडून आलेल्यांच्या दुःखाची चेष्टा करणे बाबासाहेबांच्या अनुयायाला शोभणार नाही. प्रश्न त्यांना नाही. त्यांचे उदाहरण आपल्या तोंडावर फेकणाऱ्यांना आहे.

१९५४ हे साल

पिंपरीचा इतिहास समजून घ्यायचा तर १९५४ पासून सुरुवात करावी. त्या वर्षी मार्चमध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि शेतीच्या या पट्ट्यात पहिला मोठा सरकारी कारखाना उभा राहिला. त्याच वर्षी संसदेने फाळणीतल्या विस्थापितांसाठी नुकसानभरपाई व पुनर्वसनाचा कायदा केला. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला, पिंपरीपासून दहा-बारा किलोमीटरवर देहूरोडला, बाबासाहेबांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली.

कारखाना, भरपाई आणि बुद्ध. या पट्ट्यात आलेल्या दोन समाजांपैकी कुणाच्या वाट्याला यातले काय आले, हेच आपल्याला पाहायचे आहे.

कॅम्प कसा उभा राहिला

फाळणीनंतर दहा लाखांहून अधिक सिंधी हिंदू भारतात आले. सरकारने त्यांच्यासाठी छावण्या उघडल्या. कल्याणच्या लष्करी छावणीचे उल्हासनगर झाले, कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या छावणीचे गांधीनगर झाले आणि आपल्याकडे पिंपरी कॅम्प उभा राहिला. आजही शगुन चौकाकडे जाणारा माणूस "कॅम्पात चाललो" असेच म्हणतो.

छावणी म्हणजे हालअपेष्टा होत्याच. पण छावणीत आलेल्या माणसाची सरकारदरबारी नोंद झाली. तो "निर्वासित" ठरला. शासन आपले काही देणे लागते, हे त्या शब्दातच मान्य केलेले होते. १९४८ मध्ये विस्थापितांना धंद्यासाठी कर्ज देणारी स्वतंत्र वित्तसंस्था कायद्याने स्थापन झाली. १९५० च्या कायद्याने मागे राहिलेल्या मालमत्तेचे दावे तपासले गेले. १९५४ च्या कायद्याने त्या दाव्यांवर भरपाई मिळू लागली.

आता या भरपाईचे तत्त्व नीट पाहा. ज्याची मालमत्ता मागे राहिली, त्याला भरपाई. म्हणजे ज्याच्याकडे होते, त्यालाच परत मिळणार. ज्याच्याकडे पिढ्यानपिढ्या काही असूच दिले नव्हते, त्याने दावा कशाचा करायचा?

दुसरी गोष्ट. नेसत्या कपड्यांनिशी आलेल्या माणसाच्या डोक्यात काय होते, हे कुणी विचारत नाही. सिंधमधले आमिल हे शिकलेले, सरकारी नोकऱ्यांतले लोक. भाईबंद हे व्यापारी. हैदराबाद-सिंधच्या व्यापाऱ्यांच्या पेढ्या इंग्रजांच्या काळातच जिब्राल्टरपासून हाँगकाँगपर्यंत पसरलेल्या होत्या. घर गेले, दुकान गेले, पण हिशेब ठेवण्याची विद्या, उधारीवर माल देणारे नातेवाईक आणि बाजारातली पत या गोष्टी सीमेवर जप्त करता येत नाहीत. आणखी एक मोठी गोष्ट त्यांच्याबरोबर आली. त्यांच्या हातचे कापड घ्यायला, त्यांच्या दुकानात चहा प्यायला कुणाला विटाळ होत नव्हता. "निर्वासित" म्हणून हिणवले गेले असेल, पण गिऱ्हाईक तुटले नाही. आपल्या माणसाने त्या काळात गावात चहाचे हॉटेल काढून दाखवायचे होते!

त्याच फाळणीतले आपले लोक

सगळे निर्वासित सारखे नव्हते, याचा पुरावा फाळणीतच आहे. अस्पृश्य गेले तर शहरांची सफाई कोण करणार, म्हणून पाकिस्तान सरकारने त्यांना बाहेर पडू दिले नाही. बाबासाहेबांनी डिसेंबर १९४७ मध्ये पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून ही तक्रार केली. एवढेच नाही, तर जे अस्पृश्य कसेबसे भारतात पोहोचले, त्यांना मदत छावण्यांतही भेदभाव सोसावा लागतो, हेही त्यांनी त्याच पत्रात मांडले. सरकार तेच, आपत्ती तीच, पण जात पाहून मदत बदलत होती.

"निर्वासित" हा शब्दसुद्धा सगळ्यांच्या वाट्याला सारखा आला नाही.

मराठवाड्यातून आलेली माणसे

आता दुसऱ्या समाजाकडे येऊ. १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली. भोसरी-पिंपरी-चिंचवडला प्लॉट पडले, आकुर्डीत बजाज, पिंपरीत टेल्को उभी राहिली. १९७० मध्ये नगरपालिका आणि १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. २००१ च्या जनगणनेत या शहरात सुमारे १० लाख लोक होते, २०११ मध्ये १७ लाख. ही माणसे कुठून आली?

सगळ्या महाराष्ट्रातून आली. पण आपल्या वस्त्यांतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. जालना, बीड, उस्मानाबाद, लातूर, परभणी, नांदेड, सोलापूर ही नावे निघतील. आणि साल विचारले तर बहुतेक जण आकडा सांगणार नाहीत. "दुष्काळात आलो" म्हणतील. म्हणजे १९७२ चा दुष्काळ. त्या दुष्काळात गावाकडे दगड फोडून, पाझर तलावावर माती वाहून, सुकडी खाऊन लोक जगले. जमीनवाला पाऊस पडल्यावर शेतात परतला. ज्याला शेतच नव्हते तो कुठे परतणार? भूमिहीनांच्या जमिनीसाठी दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ मध्ये सत्याग्रह केले, हजारो लोक तुरुंगात गेले. ती जमीन मिळाली असती तर कदाचित पिंपरीची वाट धरावी लागली नसती.

दुसरी लाट भीतीने आली. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगावच्या दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. माणसे मारली गेली, घरे लुटली गेली. रातोरात गाव सोडणाऱ्या या कुटुंबांमध्ये आणि फाळणीत घर सोडणाऱ्यांमध्ये फरक काय? दोघांनाही शेजाऱ्यांनीच हाकलले. पण यांच्यासाठी कुठला कॅम्प उघडला? कुठल्या वित्तसंस्थेने धंद्याला कर्ज दिले?

ते नाल्याच्या कडेला, रेल्वेलाइनजवळ, कंपनीच्या भिंतीला टेकून पत्रे ठोकून राहिले. वस्त्यांना त्यांनी मिलिंदनगर, सिद्धार्थनगर, फुलेनगर अशी नावे दिली. सरकारने त्यांना एकच नाव दिले : अतिक्रमण.

निर्वासित म्हटले की शासन देणेकरी होते. अतिक्रमणवाला म्हटले की तोच माणूस गुन्हेगार होतो. पुढे राहण्याचा हक्क मागताना त्याला १ जानेवारी १९९५ पूर्वीचा पुरावा दाखवा म्हणून सांगितले गेले. आणि त्याच्या पिंपरीत जन्मलेल्या नातवाला जातीच्या दाखल्यासाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा आजही गावाकडून आणावा लागतो. तेव्हा ते गाव हैदराबाद संस्थानात होते आणि आजोबा शाळेच्या पायरीवरही गेले नव्हते. दाखला कुठून आणायचा?

"पण तुम्हाला आरक्षण होते ना?"

हो, होते. पण पिंपरीत किती होते ते पाहू. टेल्को, बजाज आणि एमआयडीसीतले शेकडो छोटे कारखाने खासगी. तिथे आरक्षण कधीच नव्हते. भरती चालायची ती ओळखीवर, गाववाल्यांवर, नात्यांवर. राहिल्या केंद्र सरकारच्या कंपन्या आणि लष्करी कारखाने. तिथे, १९५६ नंतर ज्याने कागदावर स्वतःला बौद्ध लिहिले, त्याला केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० पर्यंत नाकारल्या गेल्या. चौतीस वर्षे! ज्या काळात या पट्ट्यात कायम नोकऱ्या भरल्या जात होत्या, नेमक्या त्याच काळात. १९९० ला दार उघडले आणि १९९१ ला नवे आर्थिक धोरण आले. १९९७ पर्यंत खुद्द हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आजारी उद्योग म्हणून जाहीर झाली होती.

कारखाना आला की जात जाते, असे म्हणणाऱ्यांना मुंबईच्या गिरण्या आठवून द्या. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागते म्हणून अस्पृश्य कामगाराला जास्त पगाराच्या विणकाम खात्यात घेत नसत. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपाच्या वेळी हा प्रश्न जाहीरपणे मांडला होता.

अमेरिकेतही हाच खेळ

ही तुलना केवळ आपल्याच वाट्याला आली, असे समजू नका. अमेरिकेत व्हिएतनामी आणि मेक्सिकन समाजांना असेच शेजारी उभे केले जाते. "व्हिएतनामी बघा, युद्धातून जीव वाचवून आले आणि वर आले. मेक्सिकन मात्र अजून शेतात राबतात."

एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडले. महिन्याभरात अमेरिकी संसदेने आग्नेय आशियातल्या निर्वासितांसाठी खास कायदा केला. छावण्या, प्रायोजक कुटुंबे, भाषेचे वर्ग, रोख मदत. पहिल्या लाटेत आलेले बरेचसे लोक अधिकारी, शिकलेले, अमेरिकी सैन्याबरोबर काम केलेले होते. नंतर होड्यांतून आलेले गरीब व्हिएतनामी मात्र तितक्या सहज वर आले नाहीत, हे सोयीस्करपणे विसरले जाते.

आणि मेक्सिकन? १९४२ ते १९६४ या काळात त्यांना "ब्रासेरो" योजनेखाली कराराने आणले गेले. ब्रासेरो म्हणजे हातांनी काम करणारा. सरकारला फक्त हात हवे होते, माणूस नको होता. सुरुवातीच्या वर्षांत पगारातून दहा टक्के बचत म्हणून कापले जात, त्यातले पैसे अनेकांना कधीच मिळाले नाहीत. आणि १९५४ मध्ये, पुन्हा तेच साल, अमेरिकी सरकारने मोहीम काढून मेक्सिकनांना पकडून हद्दपार केले. एकाला निर्वासिताचा कागद, दुसऱ्याला हद्दपारीची गाडी. आणि पन्नास वर्षांनी विचारायचे, तू मागे का?

खरी कसोटी

कुणी म्हणेल, ही सगळी कारणे झाली, मुळात तुमच्या समाजातच काही कमी असेल. याचे उत्तर आपल्याच वस्तीत आहे.

१९७० च्या आसपास ज्याला कंपनीत कायम नोकरी मिळाली, त्याचे घर आठवा. ठरलेला पगार, पीएफ, ईएसआय, युनियन. त्याच्या मुली शिकल्या, मुलगा डिप्लोमा झाला, भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि खाली पुस्तकांचे कपाट आले. आता आज जालन्याहून चाकणला आलेल्या आयटीआय झालेल्या पोराकडे बघा. जात तीच, जिल्हा तोच, शिक्षण त्या जुन्या माणसापेक्षा जास्त. पण हा ठेकेदाराचा. काही महिन्यांनी ब्रेक, पीएफ कापला जातो पण भरला की नाही माहीत नाही, एका खोलीत आठ जण. १९७९ चा स्थलांतरित कामगारांचा कायदा परराज्यातून कंत्राटाने आणलेल्यांसाठी झाला. बीडहून चाकणला आलेला त्यात बसलाच नाही. चाकणचा हा पोरगा आजचा ब्रासेरो आहे.

एकाच समाजाचे दोन गट, दोन वेगळी फळे. मग फरक रक्तात की हातात ठेवलेल्या कागदात?

म्हणून पुढच्या वेळी कुणी ते वाक्य फेकले तर चिडू नका, लाजू तर अजिबात नका. त्याला म्हणा, सिंधी समाजाला नोंद, कर्ज, भरपाई मिळाली ते योग्यच झाले. तेच आम्हालाही द्यायला हवे होते. खासगी कंपन्यांत आरक्षण, कायम कामाला कायम कामगार आणि वस्तीला मालकी हक्क ही भीक नाही. ती सत्तर वर्षांची थकबाकी आहे.

आणि एक काम या रविवारी विहारात करा. एक वही घ्या. आपल्या वस्तीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसांजवळ बसा. कुठल्या गावाहून आले, कोणत्या साली, कशामुळे, पहिले काम कुठे मिळाले, घर किती वेळा पाडले, सगळे लिहून घ्या. कॅम्पाची नोंद सरकारने ठेवली. आपली नोंद आपल्यालाच ठेवायची आहे. नाहीतर उद्या आपला इतिहासही अतिक्रमणातच मोजला जाईल.

जयभीम!