उन्मादाचे औषध आणि बंडूराचे गिनीपिग

उन्माद हा विकार आपल्या प्राचीन वैद्यांना अपरिचित नव्हता. चरकसंहितेत त्याच्या चिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. परंतु आज ज्या लिथियमने हा विकार आवरता येतो, त्याचा मार्ग सापडला तो ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या बंडूरा येथील मनोरुग्णालयाच्या एका अडगळीत पडलेल्या कोठीघरात. आणि तोही एका चुकीच्या तर्काचा पाठपुरावा करताना!

डॉ. जॉन केड हे दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी येथे जपान्यांचे युद्धकैदी होते. स्वदेशी परतल्यावर त्यांनी असा तर्क केला की, उन्मादाचे मूळ शरीरात साचणाऱ्या एखाद्या विषात असावे व ते मूत्रावाटे बाहेर पडत असावे. रुग्णांचे मूत्र त्यांनी गिनीपिगांच्या उदरात टोचले. उन्मादग्रस्तांचे मूत्र त्या प्राण्यांना अधिक मारक ठरले. प्राण घेणारे द्रव्य युरिया होते. पण त्याची मारकता युरिक आम्लामुळे वाढते की काय, असा त्यांना संशय आला. हे आम्ल पाण्यात विरघळेना, म्हणून त्याचा सर्वांत विद्राव्य असा लिथियमचा क्षार त्यांनी घेतला. मारकता वाढण्याऐवजी कमी झाली. मग त्यांनी नुसता लिथियम कार्बोनेट टोचून पाहिला. सुमारे दोन तासांनी एरवी बुजरे असणारे गिनीपिग जागेपणीच मंदावले; उताणे केले तरी धडपड न करता तसेच पडून राहिले.

ही शांती होती की ग्लानी? मुक्या जिवाला ते विचारता येत नाही. पुढील संशोधकांच्या मते ती बहुधा विषबाधेचीच सुस्ती होती. अहिंसेच्या संस्कारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचताना अवघडल्यासारखे होते, आणि तसे व्हावे हे योग्यच. कारण त्या प्राण्यांनी केवळ सूचना दिली, प्रमाण दिले नाही. प्रमाण माणसांनाच द्यावे लागले.

केड यांनी औषध प्रथम स्वतः घेतले. नंतर २९ मार्च १९४८ रोजी ते एका ५१ वर्षांच्या रुग्णास दिले. पाच वर्षे उन्मादात असलेला हा गृहस्थ काही महिन्यांत घरी गेला व जुन्या कामावर रुजू झाला. दहा उन्मादग्रस्तांचा वृत्तांत १९४९ च्या सप्टेंबरात ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. परंतु त्या पहिल्या रुग्णाने मध्यंतरी औषध सोडले, विकार उलटला, ते पुन्हा सुरू करावे लागले, आणि १९५० मध्ये लिथियमच्याच विषबाधेने त्याचा अंत झाला. गुणकारी मात्रा व विषारी मात्रा यांतील अंतर किती थोडे आहे, हे गिनीपिगांनी सांगितले नव्हते.

ते अंतर मोजण्याची सोय मेलबर्नच्याच ट्राउटनर यांनी केली. १९५१ पासून रक्तातील लिथियमच्या मोजणीवर त्यांचे काम प्रसिद्ध होऊ लागले. १९५४ मध्ये डेन्मार्कचे मोगेन्स शू यांनी काटेकोर तुलनात्मक परीक्षा घेऊन औषधाचा गुण दाखविला. अमेरिकेने मात्र त्यास १९७० मध्ये मान्यता दिली. लिथियम घेणाऱ्या रुग्णाचे रक्त आजही ठरावीक काळाने तपासले जाते.