पूल खेळातील ‘ब्रेक’ : नियमाची भाषा आणि खिलाडूवृत्ती

खेळाचे नियम हे भाषेच्या अभ्यासकास उपेक्षणीय वाटण्याचे कारण नाही. कायद्याच्या कलमाप्रमाणेच खेळाच्या नियमालाही एक आशय शब्दांत बांधावा लागतो. आणि बांधलेल्या शब्दांतून आशय निसटू लागला की त्या फटीतून खेळाडू शिरतो. अशा वेळी प्रेक्षक व प्रतिस्पर्धी ‘हे खिलाडूपणाला धरून नाही’ अशी तक्रार करतात. खेळाडू ‘मी कोणता नियम मोडला?’ असे विचारतो. दोघांचेही म्हणणे आपापल्या परीने खरे असते. ही विसंगती कोठून उत्पन्न होते, ह्याचा विचार पूल ह्या अमेरिकन खेळातील आरंभीच्या फटक्याच्या, म्हणजे ‘ब्रेक’च्या, इतिहासावरून करण्याचे येथे योजिले आहे.

प्रथम शब्दाचा विचार करू. कॅरम खेळणाऱ्या मराठी वाचकास ‘ब्रेक’ हा शब्द परका नाही. पटाच्या मध्यभागी रचलेल्या सोंगट्या स्ट्रायकरने फोडण्याच्या पहिल्या फटक्यास आपण तेच नाव देतो. इंग्लिश बिलियर्ड्समध्ये मात्र ह्याच शब्दाचा अर्थ वेगळा आहे. तेथे एका पाळीत खंड न पडता मिळविलेल्या गुणांच्या मालिकेस ‘ब्रेक’ म्हणतात. मुंबईचे मायकेल फरेरा ह्यांनी १९७८ मध्ये ११४९ गुणांचा ब्रेक करून हौशी खेळाडूंपुरती एक हजारांची मर्यादा प्रथम ओलांडली, असे आपण म्हणतो तेव्हा हा दुसरा अर्थ अभिप्रेत असतो. पूलमधील ब्रेक हा कॅरमच्या ब्रेकचा सजातीय आहे. त्यात ‘फोडणे’ हा धात्वर्थ अजून जिवंत आहे: रचलेले चेंडू विखुरले पाहिजेत, तेही जोराने, असे तो शब्द ऐकताच मनात येते. पुढील सर्व वादाचे बीज ह्या अपेक्षेत आहे.

नियमास मात्र ‘जोराने फोडावे’ एवढे सांगून भागत नाही. जोर मोजावा कसा? पंचाने कोणत्या खुणेवरून निर्णय द्यावा? म्हणून नियमकर्ता अपेक्षेच्या जागी मोजता येणारी खूण ठेवतो. जेरोम किओ ह्यांनी १९१० च्या सुमारास रूढ केलेल्या ‘स्ट्रेट पूल’ ह्या प्रकारात हे उत्तम रीतीने दिसते. त्या खेळात पंधरा चेंडूंचा त्रिकोण फोडणाऱ्यास त्या फोडीचा लाभ नसतो, कारण विखुरलेले चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हाती आयते पडतात. साहजिकच प्रत्येक जण त्रिकोणास नुसता स्पर्श करून बाजूला होण्याचा प्रयत्न करील. ते टाळण्यासाठी नियमाने असे ठरविले, की पांढरा चेंडू व त्याखेरीज किमान दोन चेंडू कुशनला लागले पाहिजेत; तसे न झाल्यास दोन गुणांचा दंड. परिणाम असा झाला, की निष्णात खेळाडू नेमके दोनच चेंडू कुशनपर्यंत पाठवितो, ते पुन्हा त्रिकोणाजवळ परत येतील असे पाहतो, आणि पांढरा चेंडू टेबलाच्या दूरच्या टोकास सुरक्षित नेऊन ठेवतो. येथे ब्रेक ह्या शब्दाचा मूळ अर्थ जवळजवळ लोपला आहे. तथापि ह्याला कोणी अखिलाडू म्हणत नाही. किमान मर्यादा हीच तेथे खेळाची कला होऊन बसली.

नियमाचे शब्द पूर्णपणे पाळून त्याचा हेतू निष्फळ करण्याची ही प्रवृत्ती पूलपुरती मर्यादित नाही. ह्या कुळातील ज्येष्ठ खेळ जो इंग्लिश बिलियर्ड्स, त्याचा इतिहास बव्हंशी अशाच झगड्याचा इतिहास आहे. तांबडा चेंडू ठरलेल्या ठिपक्यावरून पुन्हा पुन्हा वरच्या पॉकेटमध्ये घालण्याच्या ‘स्पॉट स्ट्रोक’ने एकोणिसाव्या शतकात खेळ कंटाळवाणा केला. १८७० च्या अजिंक्यपदाच्या सामन्यासाठी पॉकेटांची तोंडे मुद्दाम अरुंद, तीन इंचांची, करण्यात आली. तरीही १८९० मध्ये डब्ल्यू. जे. पील ह्यांनी त्या फटक्याच्या बळावर ३३०४ गुणांचा ब्रेक केला; अखेर सलग किती वेळा तो फटका मारावा ह्यावरच बंधन आले. १९०७ मध्ये टॉम रीस ह्यांनी दोन चेंडू पॉकेटच्या तोंडाशी अडकवून ठेवून सुमारे पाच आठवड्यांत ४,९९,१३५ गुण केले आणि तरी त्यांचा ब्रेक संपला नव्हता. तो फटका पुढे निषिद्ध ठरला. वॉल्टर लिंड्रम ह्यांनी १९३२ मध्ये लंडन येथे जो डेव्हिस ह्यांच्याविरुद्ध ४१३७ गुण केले. त्यांच्या ‘नर्सरी कॅनन’च्या प्रभुत्वामुळेच, ठराविक गुणांच्या आत पांढऱ्या चेंडूने बॉक रेषा ओलांडलीच पाहिजे, असा नियम त्या काळात आला. म्हणजे नियमकर्त्यापाशी तीन उपाय होते: साधन बदलणे, विशिष्ट फटक्याचे नाव घेऊन तो मना करणे, आणि मोजता येणारी नवी अट घालणे. ह्या तिन्ही उपायांत खेळाडूच्या मनातील हेतूचा उल्लेख कोठेही नाही, हे ध्यानात ठेवावे.

आता ‘नाइन-बॉल’ ह्या प्रकाराकडे वळू. येथे परिस्थिती स्ट्रेट पूलच्या उलट आहे. नऊ चेंडू चौकटच्या आकारात मांडलेले असतात. एक क्रमांकाचा चेंडू अग्रभागी व नऊ क्रमांकाचा मध्यभागी. ब्रेकवर एखादा चेंडू पॉकेटमध्ये गेला तर फोडणाराच खेळत राहतो व एका पाळीत डाव संपवू शकतो. त्यामुळे येथे ब्रेक जोरदार असणार, असे गृहीत धरले गेले. रूढ नियम एवढाच होता, की एक क्रमांकाच्या चेंडूस प्रथम स्पर्श व्हावा, आणि एखादा चेंडू पॉकेटमध्ये जावा किंवा किमान चार चेंडू कुशनला लागावेत. ‘किंवा’ ह्या उभयान्वयी अव्ययाने सगळी गंमत केली. चेंडू पॉकेटमध्ये गेला की चार चेंडू कुशनला लागण्याची अट उरतच नाही. आणि ती उरली नाही की जोराचीही गरज उरत नाही.

चेंडू एकमेकांस घट्ट चिकटून मांडले असता, नऊच्या दोन्ही अंगांस असलेल्या चेंडूंपैकी एक जवळजवळ निश्चितपणे कोपऱ्यातील पॉकेटकडे जातो. त्याची दिशा मुख्यतः स्पर्शबिंदूंच्या भूमितीने ठरते. जोराचा भाग गौण असतो. अमेरिकन खेळाडू कॉरी डुएल ह्यांनी ह्या गोष्टीचा पुरता उपयोग केला. २००१ च्या यू. एस. ओपन नाइन-बॉल स्पर्धेत त्यांनी बेताच्या वेगाचा ‘सॉफ्ट ब्रेक’ वापरला: बाजूचा चेंडू पॉकेटमध्ये, बाकीचे फारसे न विखुरता ओळखीच्या जागी, आणि पांढरा चेंडू ताब्यात. अंतिम सामन्यात त्यांनी माइक सीगल ह्या थोर खेळाडूचा ११–० असा पराभव केला. जो फटका नशिबाचा मानला जाई, तो गणिताचा झाला. आणि ज्याला ब्रेक मिळाला, त्याच्या प्रतिस्पर्ध्यास खुर्चीवर बसून राहण्यापलीकडे काम उरेना.

ह्यानंतरच्या काळात योजिलेले उपाय पाहिले, तर बिलियर्ड्सच्या इतिहासाची पुनरावृत्ती स्पष्ट दिसते. कित्येक स्पर्धांत एकाऐवजी नऊ क्रमांकाचा चेंडू ठिपक्यावर ठेवण्यात येऊ लागला. त्यामुळे सगळी मांडणी पुढे सरकते आणि बाजूच्या चेंडूची कोपऱ्याकडची वाट चुकते. फटका कोठून मारावा ह्यासाठी मधली चौकट आखून देण्यात आली. पॉकेटमध्ये गेलेले आणि हेड स्ट्रिंग ही आडवी रेषा ओलांडलेले चेंडू मिळून किमान तीन भरावेत, अशी गणनाही आली. ज्या ‘टेन-बॉल’ प्रकारात बाजूचा चेंडू इतका वश होत नाही, त्याची प्रतिष्ठा वाढली. त्याची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००८ मध्ये झाली. परंतु प्रत्येक नवी मोजणी म्हणजे अभ्यासाचे नवे लक्ष्यच. नऊचा चेंडू ठिपक्यावर आल्यावर खेळाडूंनी एक क्रमांकाचा चेंडू बाजूच्या पॉकेटमध्ये घालण्याचा सराव केला. मांडणीतील फसवणूक टळावी म्हणून पातळ प्लॅस्टिकचे साचे वापरात आले. त्यांनी चेंडू इतके घट्ट बसू लागले, की बाजूचा चेंडू पूर्वीपेक्षाही विश्वासू झाला.

तर मग सॉफ्ट ब्रेक अखिलाडू म्हणावा काय? माझ्या मते नाही. आणि त्याचे कारण भाषेच्या विचारातूनच निघते. डुएल ह्यांच्यावर रोष धरणाऱ्यांचा आधार नियमात नव्हता, तो ‘ब्रेक’ ह्या शब्दाच्या धात्वर्थात होता. शब्दाने एक वचन दिले होते आणि नियमाने ते लिहून घेतले नव्हते. न लिहिलेले वचन मोडल्याचा दोष एका खेळाडूच्या माथी मारणे न्याय्य नाही. हा फटका सर्वांच्या डोळ्यांदेखत होता, दोघांनाही सारखाच उपलब्ध होता, आणि ज्यास तो नको होता त्याला नियम बदलण्याची मागणी करण्याची वाट मोकळी होती. उघड युक्तीने नियमाचे अपुरेपण दाखवून देणे ही एका अर्थी खेळाची सेवाच होय. पील, रीस व लिंड्रम ह्यांनीही ती केली.

ह्याच्या अगदी शेजारी दिसणारी दुसरी कृती मात्र जातीने निराळी आहे. जेथे खेळाडू स्वतःच चेंडू मांडतो, तेथे तो विशिष्ट क्रमांकांचे चेंडू आपल्या सोयीच्या जागी ठेवू शकतो; आणि जेथे प्रतिस्पर्धी मांडतो, तेथे तो दोन चेंडूंमध्ये केसाएवढी फट ठेवून ब्रेक निकामी करू शकतो. ह्या दोन्ही गोष्टींचे यश दुसऱ्याच्या अज्ञानावर अवलंबून आहे. म्हणूनच जागतिक नियमांनी येथे आपली नेहमीची मोजणीची भाषा सोडून हेतूची भाषा स्वीकारली: एक व नऊ वगळता उरलेले चेंडू कोणताही हेतुपुरस्सर क्रम न धरता मांडावेत. ‘हेतुपुरस्सर’ हा शब्द पंचाला मोजता येत नाही. तरीही तो घातला गेला, कारण मोजता येण्याजोगी कोणतीही खूण येथे पुरी पडत नाही. नियमाची भाषा जेथे हतबल होते, तेथे ती अशा शब्दांनी खेळाडूच्या सदसद्विवेकास साद घालते.

म्हणून खिलाडूवृत्ती म्हणजे नियमाच्या पलीकडची एखादी अस्पष्ट सौजन्यभावना, असे मानण्याचे कारण दिसत नाही. नियमाची जी कलमे संख्येत लिहिता येतात, त्यांत कौशल्याने शेवटच्या टोकापर्यंत जाण्याचा खेळाडूस अधिकार आहे. ती अपुरी असल्यास दुरुस्तीची जबाबदारी नियमकर्त्याची. जी कलमे हेतूच्या शब्दांत लिहावी लागतात, त्यांचा पंच मात्र खेळाडू स्वतःच असतो. चेंडूंची चौकट उचलण्यापूर्वी तिच्यावर झुकलेल्या माणसाला आपण तीत काय ठेवले आहे हे ठाऊक असते. समोरच्याने विचारलेच, तर ते बिनदिक्कत सांगता यावे, एवढीच त्या शब्दाची अपेक्षा आहे.