कमरेचं ऑपरेशन, एक कोड आणि त्यामागचा इतिहास

फुलचूरकर मित्रांनो, रोवणी आटोपली की आपल्याकडं कमरेचं दुखणं घरोघरी निघतं. बहुतेकांचं औषध-आरामावर भागतं. काहींना मात्र डॉक्टर ऑपरेशन सांगतात, आणि घरचे पहिलं विचारतात : योजनेत बसते का? याचं उत्तर एका कोडवर अडतं. म्हणून त्याचा इतिहास सांगतो.

सुरुवात मेलेल्यांच्या मोजणीतून झाली. १८९३ मध्ये जॅक बर्तियों या फ्रेंच संख्याशास्त्रज्ञानं मृत्यूच्या कारणांची यादी मांडली. हेतू हा, की सगळ्या देशांनी एका कारणाला एकच नाव द्यावं. १९४८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं ती यादी हाती घेतली आणि जिवंत माणसांचे आजारही त्यात आले. तिच्या दहाव्या आवृत्तीत मणक्याची नळी अरुंद होणं म्हणजे ‘एम ४८.०’. उपचारांच्या कोडची वेगळी यादी अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेनं १९६६ मध्ये काढली.

आता आपल्याकडं या. राजीव गांधी जीवनदायी योजना जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. शेजारचं गडचिरोली त्यात होतं, आपला गोंदिया नव्हता. आपला नंबर नोव्हेंबर २०१३ मध्ये, सगळ्या राज्यासोबत लागला. २०१७ मध्ये योजनेला महात्मा फुल्यांचं नाव मिळालं. तेव्हा वर्षाला कुटुंबामागं दीड लाखाचं संरक्षण होतं. जुलै २०२३ च्या शासन निर्णयानं ते ५ लाख ठरलं.

या योजनेचे पॅकेज कोड अमेरिकेसारखे नाहीत, पण रीत तीच. आजार एका रकान्यात, ऑपरेशन दुसऱ्या रकान्यात, आणि दोन्ही जुळले पाहिजेत. आपण सगळ्यालाच ‘कमरेचं ऑपरेशन’ म्हणतो. कागदावर ती वेगवेगळी आहेत. सरकलेल्या गादीचा तुकडा काढला तर डिस्केक्टमी. मागचं हाड कापून नसेवरचा दाब मोकळा केला तर लॅमिनेक्टमी. स्क्रू लावून मणके जोडले तर फ्युजन. नाव चुकलं की कोड चुकतो, कोड चुकला की मंजुरी लटकते, आणि पेशंट खाटेवर पडून राहतो.

माझं म्हणणं एवढंच : भरती होण्याआधी डॉक्टरांना ऑपरेशनचं नेमकं नाव विचारा, चिठ्ठीवर लिहून घ्या. मग दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला विचारा, की मंजुरीसाठी हेच नाव गेलं का? यात लाजायचं काही नाही. कंबर आपली आहे, कागदही आपलाच आहे.

ज्यांच्या घरी असा पेशंट आहे, त्यांना ही पोस्ट नक्की पाठवा.