मनाचे दुखणे : भगत, दवाखाना आणि धम्म



पांझरेच्या उत्तरेचे देवपूर हा धुळे शहराचाच भाग. साक्री, शिरपूर, नंदुरबारकडची कितीतरी मुले शिक्षणासाठी इथे खोली करून राहतात. परीक्षेचे, नोकरीचे ओझे वाढते, झोप उडते, बोलणे बंद होते. घरचे म्हणतात, भगताला दाखवू. मित्र म्हणतात, दवाखान्यात चल. आपल्यातले कार्यकर्ते म्हणतात, विपश्यनेला बस. यातले काय धरावे आणि काय सोडावे, हे आपल्याला माहीत असायला हवे.

परंपरेतले घेण्याजोगे

सातपुड्यातल्या भिल्ल-पावरा गावांत भगत किंवा बडवा हा आजाऱ्याचा पहिला आधार. तो ऐकून घेतो, घरच्यांना एकत्र बसवतो. होळीला सारा गाव ढोलावर नाचतो. रान रोजच्या जगण्यात असते. माणूस एकटा पडत नाही, हे यातले मोल. निसर्गाचा गुण संशोधनातही दिसला आहे. अमेरिकेतील रॉजर उलरिच यांच्या १९८४ च्या अभ्यासात, पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांना खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले.

सोडण्याजोगे

याच परंपरेत दुखण्याचे खापर एखाद्या बाईवर फोडून तिला डाकीण ठरवतात. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने बंदी आहे. आमची कसोटी साधी आहे : जे दोष लावते, बांधते किंवा औषध बंद करायला लावते, ते परंपरा म्हणूनही स्वीकारायचे नाही.

दोन्हींचा मेळ

गुजरातमधील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा-दुआ’ उपक्रम चालला. मुजावर रुग्णाची श्रद्धा न दुखावता त्याला आवारातल्याच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवू लागले. भगतांशीही असा संवाद होऊ शकतो.

धम्माची जागा

आजारी गिरिमानंदासाठी भगवान बुद्धांनी आनंदाला जो उपदेश सांगितला, त्यात अरण्यात, झाडाखाली बसून श्वासावर लक्ष ठेवणेही आहे. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी बौद्ध ध्यानाच्या आधारे ताण कमी करण्याचा अभ्यासक्रम अमेरिकेतील रुग्णालयात सुरू केला. आपल्याकडे धुळ्याजवळ तिखी येथे धम्म सरोवर विपश्यना केंद्र आहे. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा : गंभीर मनोविकार असलेल्यांनी १० दिवसांच्या शिबिरात बसू नये, असे विपश्यनेची नियमावलीच सांगते. कानात आवाज येणाऱ्या, जीव द्यावासा वाटणाऱ्या मित्राला आधी डॉक्टरकडे न्या. धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत चालतो.

आपण काय करू शकतो

बाबासाहेबांच्या १९३७ च्या धुळे भेटीच्या स्मरणार्थ दर ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातोच. पावसाळ्यात ते कुरण हिरवेगार असते. यंदा जाताना खोलीत गप्प बसून राहणाऱ्या त्या एका मित्रालाही हाक मारा. वाटेत त्याला उपदेश करू नका, त्याचे ऐका. आणि दुसऱ्या दिवशी गरज वाटली, तर दवाखान्याच्या रांगेतही त्याच्या शेजारी उभे राहा.