श्वासमार्गे लस आणि जनुक : दोन प्रयोगांचा बोध

औषधाचा गुण केवळ औषधात असतो की ते देण्याच्या रीतीतही, हा वैद्यकाच्या इतिहासातील जुना प्रश्न होय. त्याचे एक बोधप्रद उत्तर पुणे जिल्ह्यातील गावांत मिळाले. त्याचा परामर्श घेण्याचे प्रस्तुत टिपणात योजिले आहे.

गोवराची लस म्हणजे दुर्बल केलेला जिवंत विषाणू. तिचे सूक्ष्म तुषार करून श्वासावाटे देण्याची पद्धत आल्बर्ट सेबिन व मेक्सिकोतील फर्नांडेझ दे कास्त्रो यांनी १९८० नंतरच्या दशकात पुढे आणली, आणि मेक्सिकोत लक्षावधी मुलांना ती लस मिळाली. तीत सुई नाही, टोचण्याचे कौशल्यही नको. भंडारदऱ्याच्या परिसरातील डोंगरकपारींत विखुरलेल्या वाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना या सोयीचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि सोय म्हणजे सिद्धी नव्हे. म्हणून पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस घेऊन ९ ते १२ महिने वयाच्या २,००४ बालकांवर तुलनात्मक प्रयोग करण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. ९१ व्या दिवशी त्वचेखाली टोचलेल्यांपैकी ९४.६ टक्के बालकांत प्रतिपिंडे आढळली. तुषार दिलेल्यांत हे प्रमाण ८५.४ टक्के भरले. मान्य अंतर ५ टक्क्यांचे होते; प्रत्यक्षात ते ९.२ निघाले. रक्तजलाचे नमुने वितळल्यामुळे ३३१ बालकांचे निकाल हाती आले नाहीत; परंतु ही उणीव गणिताने भरून पाहिली तरी निर्णय पालटला नाही.

जनुकोपचाराचा इतिहासही याच वाटेने गेला. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक विकाराचे जनुक १९८९ साली सापडले, तेव्हा निर्दोष जनुक फुप्फुसात पोहोचविणे सोपे वाटले होते. परंतु दाट श्लेष्मा आड आला, आणि वाहक विषाणूंना शरीराने विरोध केला. अखेर ब्रिटनमध्ये मेदकणांत गुंडाळलेले जनुक वर्षभर दरमहा तुषाररूपाने देण्यात आले. २०१५ सालीच प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात उपचार घेतलेल्यांची श्वासक्षमता इतरांहून ३.७ टक्क्यांनी सरस राहिली. लाभ खरा, पण अल्प.

यावरून श्वासमार्ग निरुपयोगी ठरतो काय? नाही. शाळकरी मुलांना दुसरी मात्रा म्हणून दिलेल्या गोवराच्या तुषारांनी टोचणीहून अधिक चांगला परिणाम दाखविला होता. चीनने २०२२ साली जनुकवाहक विषाणूवर आधारलेली श्वासमार्गी कोविड लस वर्धक मात्रा म्हणूनच मान्य केली. अर्भकाचा श्वास अल्प व अनियमित असतो. मुखवट्यातून त्याच्या फुप्फुसात शिरणारी मात्रा मोठ्या मुलाइतकी नसते. तेव्हा मार्ग चांगला की वाईट, हा प्रश्नच अपुरा आहे. कोणाला, कोणत्या वयात आणि कशासाठी, हे त्यात मिळविले पाहिजे. पुणे जिल्ह्यातील त्या बालकांनी शास्त्राला हा विवेक दिला. आशेला मिळालेल्या नकाराचे मोल होकाराहून कमी मानू नये.