बेंजो : नागोयाची पेटी, नगरची वरात

नगर जिल्ह्यात लग्न ठरलं की हॉलच्या पाठोपाठ वाजंत्र्यांचा विषय निघतो. डीजे की बेंजो? बेंजो ठरला तर वरातीच्या दिवशी टेम्पोच्या हौद्यात ऑक्टोपॅड, ढोल, ताशे चढतात आणि मधोमध एक लांबोडकी पेटी आडवी ठेवली जाते. वादकाच्या डाव्या हाताची बोटं तिच्या पट्ट्यांवर असतात, उजव्या हातात तारा छेडायची नखी असते. अख्ख्या पार्टीला नाव मिळालं ते या पेटीवरून.

गंमत अशी, की जगात बँजो म्हणून ओळखलं जाणारं वाद्य हे नव्हेच. अमेरिकेतल्या बँजोला डफासारखं गोल अंग असतं, त्यावर चामडं ताणलेलं, लांब दांडी आणि बहुधा पाच तारा. आपल्या पेटीला ना चामडं, ना दांडी. ती मूळची जपानी आहे! नागोया शहरात १९१२ साली मोरिता गोरो नावाच्या वादकाने ती तयार केली. त्याच वर्षी सम्राट मेइजी वारले आणि ताइशो कालखंड सुरू झाला, म्हणून वाद्य झालं ताइशोगोतो, म्हणजे ताइशो काळातलं कोतो (जपानी तंतुवाद्य).

मोरिताला ही कल्पना टाइपरायटर पाहून सुचली, असं सांगतात. परदेशी फिरताना त्याने ते यंत्र पाहिलं आणि निगेनकिन या जपानी दोनतारी वाद्याला कळा बसवल्या. यावर एक आक्षेप घेता येतो. कळ दाबून तारेची लांबी कमी करायची युक्ती युरोपातल्या हर्डी-गर्डी या तंतुवाद्यात मध्ययुगापासून आहे, मग टाइपरायटर कशाला मध्ये आणायचा? मला टाइपरायटरच पटतो. जुन्या ताइशोगोतोची बटणं बघा. ती गोल आहेत आणि त्यांवर आकडे छापलेले आहेत. हर्डी-गर्डीच्या कळांवर कुणी आकडे छापत नव्हतं. शिवाय ते आकडे वरवरचे नाहीत. जपानात तेव्हा आकड्यांची स्वरलिपी चालू होती. कागदावरचा आकडा पाहायचा, तोच पेटीवर दाबायचा, की गाणं वाजलं. गुरूच्या घरी बारा वर्षं पाणी भरायची गरजच उरली नाही.

वाद्य स्वस्त होतं, बेताचं होतं, शिकायला सोपं होतं. ते जहाजांबरोबर पसरलं. बाली आणि लोंबोक बेटांवर, पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर, बलुचिस्तानात, मुंबईत. उत्तर हिंदुस्थानात त्याला बुलबुलतरंग हे गोड नाव मिळालं: फारसी बुलबुल आणि जलतरंगातला तरंग.

मग आपल्याकडे बेंजो हे नाव कुठून आलं? इथेच माझं घोडं अडलं.

नगरच्या माणसाला पहिला मोह होतो मलिक अंबरचा. बँजो या वाद्याचं मूळ आफ्रिकेत आहे, गुलाम करून नेलेल्या माणसांनी ते वाद्य अमेरिकेत रुजवलं, हे आता सर्वमान्य आहे. आणि नगरची निजामशाही सांभाळणारा मलिक अंबर आफ्रिकेतलाच. जोडा दुवा! पण हा दुवा एका फटक्यात तुटतो. अंबर आफ्रिकेच्या पूर्वेचा, इथिओपियाचा. बँजोचे पूर्वज पश्चिमेकडचे. अंबर वारला १६२६ साली, आणि आपली पेटी जन्मली त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी.

दुसरं मत सरळ आहे. दोन्ही वाद्यांचा आवाज टणक, धातूचा आणि चटकन विझणारा, म्हणून दुकानदारांनी ओळखीचं नाव चिकटवलं. हे मला निम्मं पटतं. मुंबईला बँजो ऐकून माहीत होता. डेव्ह कार्सन हा अमेरिकन नकलाकार एकोणिसाव्या शतकात कोलकाता आणि मुंबईत तोंडाला काजळ फासून मिन्स्ट्रल खेळ करत होता, आणि मिन्स्ट्रल खेळाचा बँजो म्हणजे तमाशाची ढोलकी. पण नुसता आवाजच कारण असता, तर हे नाव कुठेही पडलं असतं आणि कुठेही वेगळं पडलं असतं. तसं झालेलं नाही. बलुच लोक याच पेटीला बेंजू म्हणतात. त्यांनी तिची लांबी जवळजवळ मीटरभर वाढवली, तिला आपल्या लोकसंगीताचं मुख्य वाद्य केलं, आणि नाव ठेवलं आपल्याच नावाचं भावंड.

बलुच मुलखाजवळचं बंदर कराची, आपलं मुंबई. या दोन्हींना जोडणारं काय? कराचीचा सिंध प्रांत १९३६ पर्यंत मुंबई इलाख्यातच होता. एकच सरकार, एकच समुद्र, दोन्ही बंदरांत ये-जा करणारे तेच व्यापारी आणि तेच खलाशी. माझा तर्क असा, की पेटी आणि तिचं नाव या दोन बंदरांमध्ये जोडीनेच फिरले आणि तिथून आत शिरले: एका वाटेने बलुच वाळवंटात, दुसऱ्या वाटेने घाट चढून पुण्या-नगरकडे. कुणी म्हणेल, पंजाबातही बेंजो म्हणणारे भेटतात. भेटतील. कराचीची रेल्वे पंजाबातच जात होती.

घाटावर आल्यावर पेटी बदलली. आकड्यांच्या गोल बटणांच्या जागी हार्मोनियमसारख्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आल्या. तारा वाढल्या. तारांखाली गिटारसारखं पिकअप बसलं, कारण ताशापुढे नुसत्या तारेचा काय पाड लागणार? एका साच्यातली दोन वाद्यं दाखवणं कठीण, वादकाच्या हातासारखी पेटी बनते. तार ओढून मींड घेता येत नाही, म्हणून शास्त्रीय मंडळींनी तिला दारातच उभं केलं. हार्मोनियमवर आकाशवाणीने १९४०पासून तीसेक वर्षं बंदी तरी घातली. बेंजोला बंदीच्या लायकीचंही कुणी समजलं नाही, आणि माझ्या मते तेच त्याच्या पथ्यावर पडलं. शुद्ध काय आणि भ्रष्ट काय हे सांगणारं कुणी नसल्यामुळे कव्वालीपासून कोळीगीतापर्यंत सगळं त्यावर वाजलं. रवी जाधव यांनी २०१६ साली रितेश देशमुखला घेऊन 'बँजो' चित्रपट काढला, तेव्हा कुठे शहरी प्रेक्षकाने पेटीकडे वळून पाहिलं.

पुण्याच्या केळकर संग्रहालयात मोराच्या आकाराच्या वाद्यापुढे लोक थबकतात. रस्त्यावरच्या वाद्याचं मात्र जुनं झालं की भंगारात वजन होतं. संगमनेर, श्रीरामपूर, पाथर्डीकडच्या कुणा पार्टीवाल्याच्या माळ्यावर गोल आकडी बटणांची जुनी पेटी पडली असेल, तर ती विकू नका. आतल्या चिठ्ठीवर कुणा कारागिराचं किंवा दुकानाचं नाव, गाव, साल असेल तर उतरवून घ्या, पेटीचा फोटो काढा आणि नगरच्या वस्तुसंग्रहालयात नेऊन दाखवा. माझा बंदराचा तर्क खरा की खोटा, हे तसल्या एखाद्या चिठ्ठीवरूनच ठरेल.